मुलांचा ॲथलेटिक्सचा सराव: ऊन आणि पाऊस, थांबायचं कधी आणि ठरवायचं कोणी?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. गेली चार वर्षं आम्ही तिघं-चौघं पालक मिळून चिपळूणला ८ ते १४ वयाच्या मुलांसाठी ॲथलेटिक्सचा छोटा क्लब चालवतो. सध्या ३४ मुलं आहेत. एका शाळेचं मैदान संध्याकाळी साडेचार ते सहा वापरायला मिळतं. मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेला २०० मीटरचा ट्रॅक, लांब उडीचा वाळूचा खड्डा, उंच उडीची एक जुनी गादी, आणि मैदानात उतरायला जांभ्याच्या सात पायऱ्या. मी कॉलेजात ४०० मीटर पळायचे, नंतर प्रशिक्षणाचा एक छोटा कोर्स केला. माझं शिक्षण एवढंच, म्हणून विचारतेय.

आमचं वर्षच उलटं बसलंय. मुलांना वेळ असतो एप्रिल-मेमध्ये, तेव्हा इथे अंग चिकचिकत असतं. तालुक्याच्या शालेय स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात लागतात, म्हणजे त्यांची तयारी भर पावसात. हवा खरी छान असते डिसेंबर-जानेवारीत, पण तेव्हा स्नेहसंमेलनं आणि सहली, आणि लगेच पुढे परीक्षा. म्हणजे ‘हवा वाईट असेल तेव्हा बंद’ असं ठरवलं तर क्लबच बंद ठेवावा लागेल.

दोन प्रसंग सांगते.

पहिला मे महिन्यातला. उन्हाळी शिबिराचा तिसरा दिवस. वेळ पाचची, ऊन कललेलं, मोबाइलवर तापमान ३४. विदर्भातल्या लोकांना हे काहीच वाटणार नाही. पण वारा पडला होता आणि मळभ होतं, पान हलत नव्हतं. ६०० मीटरची वेळ घेत होतो. सहावीतली एक मुलगी, एरवी सगळ्यांच्या पुढे असणारी, दुसऱ्या फेरीत मागे पडली. वळणावर ती ट्रॅक सोडून आतल्या बाजूला तिरकी जायला लागली. मला वाटलं बूट लागला असेल. पळत गेले तर ती मला म्हणाली, “मॅडम, माझं दप्तर कुठंय?” दप्तर आणलंच नव्हतं तिने. चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम वाहतोय, आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. सावलीत नेलं, पिंपातलं पाणी तांब्याने डोक्यावर, मानेवर, पाठीवर ओतत राहिलो. दहा-बारा मिनिटांत नीट बोलायला लागली. डॉक्टरांकडे नेलं, रात्री घरी जेवली. पण त्या दहा मिनिटांत मला काय करायचं ते खरं म्हणजे माहीत नव्हतं. सुचलं तसं करत गेले.

दुसरा ऑक्टोबरातला, हस्ताचा पाऊस. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन आणि पूर्वेला घाटावर काळंकुट्ट. पाचच्या सुमाराला गडगडलं. मी म्हटलं, लांब आहे, रिलेची एक फेरी होऊ दे. मग टपोरे थेंब आले तशी मी सगळ्यांना मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडखाली घेतलं. लोखंडी खांब, तीन बाजू उघड्या. दोन मिनिटांत कंपाउंडच्या पलीकडच्या माडावर वीज पडली. आवाज आणि उजेड एकदमच. माडाच्या झावळ्या पावसात पेटल्या होत्या. कोणाला काही झालं नाही. चौथीतली एक मुलगी बॅटन दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती, तो तिच्या हातातून सोडवताना मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

तेव्हापासून मला झोप लागेना अशी स्थिती आहे. मी थोडी जास्तच सावध झालेय असं काही पालकांचं म्हणणं. एक जण म्हणाले, “ताई, ऑलिंपिकला गेलेला अविनाश साबळे काय एसीत पळाला का? बीडच्या उन्हातूनच वर आला ना?” दुसऱ्यांचं म्हणणं, महिन्याची फी दिली आहे, आठ-आठ दिवस सुट्टी कशी चालेल? आणि खरं सांगायचं तर मुलांनाही थांबायचं नसतं. पावसात पळायला त्यांना इतकं आवडतं की शिट्टी वाजवताना माझाच जीव खाली-वर होतो.

मला विचारायचंय: उन्हासाठी आकडा धरायचा की आणखी काही? विजेसाठी नेमका नियम काय? पावसात काय चालू ठेवता येतं? आणि हा निर्णय कोणी घ्यायचा? मैदानावर उभं राहून, ३४ चेहरे समोर असताना, मला तो नीट घेता येत नाही हे मी दोनदा पाहिलंय.

निवृत्त पीटी शिक्षक (अकोला)

ताई, तुम्ही मन मोकळं करून लिहिलंत ते बरं केलंत. पस्तीस वर्षं शाळेत होतो, त्यातली सगळी अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ नेहमीचं.

तुमच्या पहिल्या प्रसंगात मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दिसला तो ‘तिसरा दिवस’. उन्हाने पोरं पडतात ती बहुतेक शिबिराच्या पहिल्या आठवड्यात. परीक्षेचा महिनाभर पोरगं पंख्याखाली बसलेलं असतं, आणि आपण पहिल्याच दिवशी त्याला दीड तास मैदानात उभं करतो. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, छातीचे ठोके आटोक्यात राहतात. मी पहिले तीन दिवस फक्त अर्धा तास घ्यायचो, तोही खेळ आणि चालणं. मग दर दोन दिवसांनी दहा मिनिटं वाढवायची. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत घड्याळ खिशातून काढायचं नाही. वेळ मोजली की पोरं जीव तोडून पळतात, त्यांना थांबायचं कळत नाही. आणि गंमत म्हणजे जी सगळ्यात पुढे असते तीच पडते, कारण मागे राहणारं पोर आपणहून चालायला लागतं.

आमचं मैदान उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सुरू आणि सातला बंद. संध्याकाळी नाही. संध्याकाळी ऊन उतरलं तरी जमीन तापलेली असते. मुरूम, सिमेंट, सिंथेटिक ट्रॅक सगळं खालून वाफ फेकत असतं, आणि लहान पोराचं तोंड जमिनीच्या जास्त जवळ असतं. तुम्हाला शाळेचं मैदान सकाळी मिळतं का ते आधी बघा. माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

साबळेंबद्दल. ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, त्यांच्या कष्टांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण स्पर्धेसाठी पळायला त्यांनी सुरुवात केली ती लष्करात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर. नऊ वर्षांच्या पोरासाठी तो दाखला लागू होत नाही, हे त्या पालकांना शांतपणे सांगा. आणि मोठ्यांचंही ऐका. २०१९ च्या दोहाच्या जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोचल्या. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हापायी थेट साप्पोरोला हलवली. जगातले सर्वांत तयार धावपटू उन्हाला मान देतात, आपण का देऊ नये?

आमच्याकडे आया पोरांच्या खिशात कांदा घालून पाठवायच्या. मी कधी काढायला लावला नाही, आईची माया आहे ती. पण कांदा असला तरी टोपी आणि पाण्याची बाटली नसेल तर मैदानात घेत नसे.

बालरोगतज्ज्ञ (पुणे)

सरांशी पूर्ण सहमत. थोडं शरीराच्या बाजूने लिहिते.

आकडा धरायचा का, तर नुसत्या तापमानाचा नको. घाम वाळला तरच अंग गार होतं. हवेत आधीच ओल भरलेली असेल तर घाम नुसता निथळतो, अंग गार होत नाही. खेळांमध्ये उष्णता मोजायला जो निर्देशांक वापरतात त्यात ओल्या पाऱ्याला म्हणजे दमटपणाला ७० टक्के वजन असतं, उन्हाच्या झळीला २० आणि साध्या तापमानाला फक्त १०. म्हणून चिपळूणचे ३४ तुमच्या मोबाइलवर दिसतात तेवढे साधे नाहीत. वारा पडलेला, आभाळ भरलेलं, कपडे अंगाला चिकटलेले, ही खूण मी आकड्याइतकीच मानेन. अशा दिवशी लांब पल्ला पूर्ण बंद, फक्त छोट्या उड्या, तंत्र, सावलीत.

लहान मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत. पळताना ती वजनाच्या मानाने जास्त उष्णता तयार करतात आणि त्यांना घाम कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान कळत नाही. म्हणून ‘तहान लागली की प्या’ यावर सोडू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी, आणि सगळ्यांनी चार-पाच घोट. तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. घरी गेल्यावर ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत उत्तम. जुलाब झालेलं किंवा कालपर्यंत ताप असलेलं मूल मैदानात नको, ते कितीही रडलं तरी.

आता त्या मुलीबद्दल. ‘दप्तर कुठंय’ हा प्रश्न ही धोक्याची सर्वांत मोठी खूण होती. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, अकारण चिडणं, उलटी. खूप जणांना वाटतं उष्माघातात घाम थांबतो, त्वचा कोरडी पडते. पळता पळता होणाऱ्या उष्माघातात घाम भरपूर असू शकतो. घाम येतोय म्हणजे ठीक आहे, असं समजून थांबू नका. तुम्ही पाणी ओतत राहिलात ते अगदी योग्य केलंत. क्रम असा ठेवा: आधी जागेवर गार करणं, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन, आणि मग हलवणं. गाडीत घालून धावपळ करण्यात ती पहिली पंधरा-वीस मिनिटं गेली तर नुकसान होतं.

तुमच्याकडे वाळूचा खड्डा झाकायची ताडपत्री असेलच. स्वच्छ अशी एक वेगळी ठेवा. मुलाला तिच्या मध्यावर झोपवायचं, चार-पाच मोठ्यांनी कडा उचलून धरायच्या, आणि त्या झोळीत पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहायचं. डोकं सतत पाण्याच्या वर धरायला एक माणूस. बर्फ मासळी बाजारातला चालेल, फक्त तो पिण्यात जाऊ देऊ नका. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, आणि पॅरासिटामॉल द्यायची नाही, या तापावर तिचा उपयोग नसतो.

पावसाळ्याचंही सांगते. तुमच्या भागात लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप आहे. पायाला जखम असलेलं मूल साचलेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी नको. नंतर दोन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘मैदानात चिखलात खेळतो’ हे आवर्जून सांगायला पालकांना सांगा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्याला कोरडे पाय हाच पहिला उपाय. आणि जांघेत गजकर्ण दिसलं तर दुकानातून मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग ते हट्टाने पसरतं. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं असं काहीतरी लावूनच आलेली असतात आणि मला फार वाईट वाटतं.

ठाण्याचा बाबा (ठाणे)

माझी दोन्ही मुलं सिंथेटिकवर पळतात. आमच्या क्लबात विजेचा नियम भिंतीवर लावलाय: गडगडाट ऐकू आला की आत. किती लांब ते मोजत बसायचं नाही. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद भागिले तीन, म्हणजे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि वीज ढगापासून तेवढी लांब येऊन पडू शकते. तुमच्यासारखंच, वर ऊन असताना. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. मध्ये पुन्हा गडगडलं तर तीस मिनिटं पहिल्यापासून.

आत म्हणजे चार भिंतींची पक्की इमारत, नाहीतर काचा लावलेली बंद गाडी. शेड, मांडव, झाड, ध्वजाचा खांब, ही सगळी बाहेरच धरायची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घ्या, २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडली की इशारा देतं. पण ॲप नाही वाजलं म्हणून आवाजाकडे दुर्लक्ष करू नका.

पावसात काय चालतं यावर एकच सुचवतो, आमच्या कोल्हापूरच्या मेहुण्याने केलेलं. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, चार महिने मंगल कार्यालयं रिकामी असतात. त्याने एका कार्यालयवाल्यांशी आठवड्यातले दोन दिवस ठरवले, भाडं अगदी किरकोळ. फरशी असते म्हणून उंचावरून उड्या नाहीत, नडगी दुखते. पण लंगडी, दोरीउड्या, सूर्यनमस्कार, रिलेचा बॅटन देणं-घेणं, शिट्टीवर उठून पाच पावलं पळणं, हे सगळं होतं. लंगडीइतका चांगला उडीचा व्यायाम मला तरी दुसरा माहीत नाही. त्याची मुलं पावसाळ्यानंतर बॅटन टाकेनाशी झाली.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर, डॉक्टर, दादा, तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी पालकांची बैठक घ्यायची होती.

ठरलं ते सांगते. मे महिन्याचं शिबिर सकाळी सहा ते सव्वासात. शाळेने चावी द्यायचं कबूल केलंय. पहिला आठवडा अर्धा तास, वेळ मोजणं नाही. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा साबळेंचं नाव काढणारे गृहस्थच म्हणाले, मग बर्फाची जबाबदारी माझी. त्यांचा मासळीचा धंदा आहे.

पाऊस असेल म्हणून सुट्टी नाही. मृगापासून श्रावणापर्यंतचा सरळ पडणारा पाऊस मुलांनी अंगावर घ्यायला माझी ना नाही. सुट्टी तीन गोष्टींनी: गडगडाट, ट्रॅकवर घोट्याइतकं पाणी, किंवा मैदानाच्या कडेची झाडं हलवणारा वारा. पावसात गोळा आणि थाळी बंद, कारण ओल्या हातातून थाळी कुठे जाईल सांगता येत नाही. उंच उडीची गादी एकदा भिजली की आठ दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारते, म्हणून ती जूनमध्येच वर्गात गेली. पाऊस पडत असताना जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दर रविवारी दोन पालक ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतात. खरं म्हणजे पावसाळ्यात आमची मुलं ट्रॅकपेक्षा त्या पायऱ्यांवर जास्त पडलीत, आणि इतकी वर्षं मी तिकडे बघितलंच नव्हतं. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर मैदानावर जो गाळ बसला, त्याची एक पट्टी अजून दक्षिणेच्या वळणावर आहे. तिथे पाणी साचतं. तेवढं वळण आता पावसाळ्यात फक्कीने तोडून टाकलंय, पळायचं ते सरळ ८० मीटर. मंगल कार्यालयाचंही बोलणं झालंय, मंगळवार आणि शुक्रवार. बूट ओले झाले की वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबायचे, हे आता पोरं एकमेकांना शिकवतात.

फीबद्दल एकच सांगितलं: वीज पडते त्या दिवसाचे पैसे मागायचे असतील तर मी खिशातून देईन. कोणी मागितले नाहीत.

आणि निर्णयाचं. मी तो माझ्या एकटीच्या हातात ठेवलेला नाही. गळ्यात शिट्टी घालून एक मूल रोज मैदानाच्या कडेला बसतं, पाळीने. ते त्या दिवशी पळत नाही, बरं नसलेलं किंवा दुखापत असलेलं मूल आधी. गडगडाट ऐकू आला की त्याने शिट्टी वाजवायची, आणि ती वाजली की कोणीही, मीसुद्धा, आभाळाकडे बघून मत द्यायचं नाही. सरळ व्हरांड्यातून वर्गात.

परवा हस्ताची पहिली संध्याकाळ. पाच वाजून दहा मिनिटं, ऊन होतं, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पाचवीतल्या मुलाने शिट्टी वाजवली. पायाला बँडेज, स्टुलावर बसलेला, हात घाटाकडे. मी त्याच्याकडे बघितलं तर तो घाबरून म्हणाला, “मॅडम, मी ऐकलं, खरंच.” मी म्हटलं, चल. आम्ही वर्गात गेलो, दारं लावून फळ्यावर वेळ लिहिली. पाच अकरा. मग पाच अठराला गडगडलं, सगळ्यांनी ऐकलं. खोडून पाच अठरा लिहिलं. मग पाच पंचवीस. मग पाच एकतीस. त्या मुलीने, मे महिन्यातल्या, खडू स्वतःकडे घेतला आणि पुढचे आकडे तिनेच लिहिले. मैदानात परत गेलोच नाही. सहाला पालक आले, तेव्हा फळ्यावर पाच बावन्न होतं.